वाचकांचे प्रश्न: ग्लॉक्सिनियाची फुलं, कंद आणि झोप

ग्लॉक्सिनियाबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच असते: भरभरून फुललं, मग पानं पिवळी पडली आणि झाड गेलं. खरं तर ते बहुधा गेलेलं नसतं, म्हणून पहिलं उत्तर त्याचंच आणि जरा सविस्तर.

प्रश्न: दोन महिने सुंदर फुलं आली. आता एकही कळी नाही, खालची पानं पिवळी पडून लोंबू लागली आहेत. पाणी वाढवलं, खतही दिलं, तरी झाड खचतच चाललंय. काय चुकतंय?

पाणी ताबडतोब कमी करा आणि खत बंद करा. तुमचं झाड झोपायला निघालं आहे.

ग्लॉक्सिनिया मूळचा आग्नेय ब्राझीलचा. तिथे तो खडकांच्या कपारीत, शेवाळ आणि पाचोळ्याच्या पातळ थरात वाढतो. ओलाव्याचे महिने संपले की वरचा सगळा हिरवा भाग वाळू देऊन कंदातल्या साठ्यावर तो तग धरतो. कुंडीतही त्याची हीच सवय कायम असते. पानं पिवळी पडू लागली की मुळांचं पाणी ओढणं मंदावतं. अशा वेळी जास्तीचं पाणी मातीत नुसतं साचून राहतं आणि कंद कुजतो. म्हणजे फुलं संपल्यानंतरचे हे काही आठवडेच सर्वांत घातक, आणि नेमके याच वेळी लोक काळजीपोटी पाणी वाढवतात.

आधी एक खात्री करा. पानं अजून घट्ट, हिरवी असतील आणि फक्त फुलं संपली असतील, तर दुसरा बहर मिळण्याची चांगली शक्यता आहे. मुख्य दांडा तळाच्या पानांच्या जोडीच्या वर, साधारण 1 सेंमी ठेवून, धारदार ब्लेडने कापा. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बगलेतून किंवा थेट कंदावरून फुटवे येतात. त्यातला एक, फार तर दोन ठेवा. पाणी-खत नेहमीसारखं चालू ठेवलं तर साधारण दोन-तीन महिन्यांत पुन्हा फुलं दिसतात. सगळीच झाडं असा दुसरा बहर देत नाहीत, जुना, भरलेला कंद मात्र सहसा देतो.

पानं पिवळी पडू लागली असतील, तुमच्या पत्रात लिहिलंय तशी, तर मात्र त्याला झोपू द्या. दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्या, खत बंद करा. तीन-चार आठवड्यांत पानं आणि दांडा सुकतील. पूर्ण सुकलेला दांडा हलक्या हाताने फिरवला की कंदापासून आपोआप सुटतो. सुटत नसेल तर ओढू नका, आणखी आठवडाभर थांबा. हिरवा दांडा उपटला की कंदाला जखम होते आणि कूज तिथूनच आत शिरते.

मग कुंडी तशीच, कंद आत ठेवून, अंधाऱ्या किंवा मंद उजेडाच्या जागी हलवा. तापमान 10 ते 15 अंश सेल्सियस असेल तर उत्तम. 18-20 अंशांवरही कंद झोपतो, फक्त लवकर जागा होतो. 10 अंशांच्या खाली मात्र जाऊ देऊ नका. कंद काढून ठेवायचा असेल तर जेमतेम दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घालून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कुंडीतच असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा कडेने दोन-तीन चमचे पाणी पुरतं. उद्देश एवढाच, की कंद सुरकुतू नये. महिन्यातून एकदा बोटाने दाबून बघा. घट्ट असेल तर ठीक. थोडा सुरकुतलेला पण कडक असेल तर चमचाभर पाणी जास्त द्या. मऊ लागला, वास आला किंवा बोट आत जाऊ लागलं, तर तो कुजतो आहे.

ही झोप दोन ते चार महिने चालते, कधी त्याहूनही लांबते. पाणी घालून किंवा हलवून त्याला उठवायचा प्रयत्न करू नका. कंदाच्या माथ्यावर गुलाबी-पांढुरका, लव असलेला डोळा फुगलेला दिसला की नवी माती, उजेड आणि थोडं पाणी, या क्रमाने सुरुवात करा. काही झाडं पुरती झोपतच नाहीत: जुना दांडा वाळत असतानाच बुडातून नवा फुटवा निघतो. तसं झालं तर सक्तीने झोपवू नका. जुना दांडा कापा आणि नव्या फुटव्याला वाढू द्या.

प्रश्न: नुसता कंद आणला आहे. वरची बाजू कोणती आणि किती खोल लावायचा?

खोलगट बाजू वर, गोल फुगीर बाजू खाली. खोलगट भागात नीट बघितलं तर जुन्या दांड्याचा गोल व्रण आणि त्याच्या कडेला बारीक टोचरे डोळे दिसतात. तरीही ठरवता आलं नाही तर घाई करू नका. ओलसर कोकोपीटवर कंद नुसता ठेवा, 22-24 अंशांच्या आसपास उबदार जागा द्या. आठ-पंधरा दिवसांत डोळे फुगून स्वतःच दिशा सांगतील.

कुंडी मोठी घेऊ नका. 4-5 सेंमी व्यासाच्या कंदाला 12 सेंमीची, त्याहून मोठ्याला 15 सेंमीची पुरते. कंदाच्या चहूबाजूंनी साधारण 3 सेंमी मोकळी जागा असली म्हणजे झालं. मोठ्या कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते, आणि बारीक, वरवर पसरणारी मुळं तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. उंच कुंडीपेक्षा उथळ, रुंद कुंडी या झाडाला जास्त मानवते.

माती हलकी हवी. दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खनिज दाणे) आणि एक भाग चाळलेलं, पुरतं कुजलेलं पानखत किंवा गांडूळखत हे मिश्रण चांगलं चालतं. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात आणि पानांच्या कडा त्यानेच करपतात. बागेतली जड माती मिसळूच नका. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच आकडा) 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असावा.

कंदावर जेमतेम 1 सेंमी मिश्रण येऊ द्या. माथा किंचित उघडा राहिला तरी चालतं, पण खोल गाडलेल्या कंदाचा कोंब वर येईपर्यंतच कुजू शकतो. लावल्यावर एकदा कडेकडेने पाणी द्या, मग वरचा थर कोरडा होईपर्यंत थांबा. पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत पाण्याची गरज अगदी थोडी असते. खोलगट भागात पाणी साचता कामा नये.

कोंब तीन-चार आले तर सर्वांत जाड एक ठेवा आणि बाकीचे 3-4 सेंमी झाले की बुडापासून मोडून घ्या. जिवावर येतं खरं, पण एका दांड्याचं झाड गोल, घट्ट होतं आणि फुलं मधोमध एकत्र येतात. चार दांड्यांचं झाड पसरतं, पानं एकमेकांवर चढतात, हवा खेळत नाही. मोडलेले फुटवे टाकू नका. दमट पर्लाइटमध्ये खोचून वर पारदर्शक झाकण घातलं तर तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, आणि पानापासून केलेल्या रोपापेक्षा आधी फुलतात. कोंब दिसल्यापासून फूल येईपर्यंत साधारण तीन ते चार महिने लागतात.

प्रश्न: कळ्या भरपूर येतात. वाटाण्याएवढ्या झाल्या की तपकिरी होऊन गळतात. एकही उमलत नाही.

अंदाज बांधण्याआधी गळलेली एक कळी हातात घ्या आणि उभी चिरून भिंगाखाली बघा. पुढचं उत्तर तीच देते.

कळी कोरडी आणि कागदासारखी असेल तर कारण पाण्याचं किंवा हवेचं. कळ्या धरल्यानंतर माती एकदा जरी पुरती सुकली, पानं लोंबली आणि मग पाण्याने सावरली, तरी झाड बारीक कळ्या सोडून देतं. पानं दिवसभरात पूर्ववत दिसतात, कळ्यांचं नुकसान मात्र चार-पाच दिवसांनी कळतं. म्हणून लोक त्याचा संबंध पाण्याशी जोडत नाहीत. कोरडी हवा हे दुसरं मोठं कारण. पंख्याखाली, एअर कंडिशनरच्या किंवा हीटरच्या झोतात ठेवलेलं झाड कळ्या टिकवूच शकत नाही. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर हवी. त्यासाठी रुंद ताटलीत खडे पसरून त्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला टेकू देऊ नका. पानांवर फवारा मारणं हा त्यावरचा उपाय नाही. लवदार पानांवर पाणी तासन्‌तास बसून राहतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. 27-28 अंशांच्या वर अनेक दिवस तापमान राहिलं तरी कळ्या अशाच सुकतात.

कळी मऊ, पाणचट असेल आणि तिच्यावर राखाडी भुरी दिसत असेल तर ती करडी बुरशी. थंड, कोंदट हवा आणि झाडावरच कुजत राहिलेली जुनी फुलं ही तिची घरं. बाधित कळ्या आणि सुकलेली फुलं देठासकट काढा, झाडांत अंतर ठेवा, पाणी सकाळी द्या.

कळी आतून खरवडल्यासारखी दिसत असेल, पाकळ्यांवर चंदेरी रेघा असतील आणि उमललेल्या एखाद्या फुलाच्या नळीत परागाची पूड सांडलेली असेल, तर फुलकिडे आहेत. पांढऱ्या कागदावर फूल आपटा. दीड मिलिमीटरच्या, पिवळ्या-तपकिरी, काडीसारख्या किडी चालताना दिसतील. त्यांना पराग आवडतो. म्हणून झाडावरची सगळी फुलं आणि कळ्या निदान तीन-चार आठवडे काढत राहा, ती पिशवीत बंद करून घराबाहेर टाका, आणि निळे चिकट सापळे लावा. कडुनिंब तेलाचा फवारा द्यायचा असेल तर आधी एका पानावर करून दोन दिवस बघा, झाड उन्हात ठेवू नका. औषध मारलं आणि फुलं ठेवली, तर किडी फुलाच्या नळीत सुरक्षित राहतात.

कळ्या ठीक, पण मधली नवी पानं बारीक, कडक, मुडपलेली आणि जास्तच लवदार दिसत असतील तर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीचं (माइटचं) काम असतं. असं झाड लगेच बाजूला काढा. शेजारच्या झाडांना हात लावण्याआधी हात धुवा. पुष्कळ झाडं असतील तर ते एक टाकून देणंच शहाणपणाचं.

आणि झाड नुकतंच विकत आणलेलं असेल तर थोडं सबुरीने घ्या. काचघरातल्या दमट हवेतून घरात आलेलं झाड पहिल्या आठवड्यात काही कळ्या टाकतंच. त्याला एकाच जागी राहू द्या. रोज खिडकी बदलल्याने ते आणखी बिथरतं.

प्रश्न: पानं हातभर झाली, देठ लांब, झाड खिडकीकडे वाकलं आहे. फूल नाही.

उजेड कमी आहे, दुसरं काही नाही. पानं वर उचललेली आणि देठ लांब म्हणजे उजेड कमी. पानं खाली वळून कुंडीच्या कडेला चिकटलेली, मधला भाग फिकट आणि कडक म्हणजे उजेड जास्त. पूर्वेची खिडकी, जिथे सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास येतं, ती उत्तम. दुपारचं थेट ऊन मात्र पातळ पडद्याआड अडवा. खिडकी नसेल तर एलईडीच्या पांढऱ्या ट्यूबखाली, पानांपासून 20-30 सेंमीवर, रोज 14 ते 16 तास ठेवा. तिथे हे झाड खिडकीपेक्षाही घाटदार वाढतं. दर तीन-चार दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवत राहा. लांबलेले देठ पुन्हा आखूड होणार नाहीत. नवी पानं नीट आली की जुनी हळूहळू काढा.

प्रश्न: पानांवर पांढुरके-तपकिरी डाग येत आहेत. रोग आहे का? औषध कोणतं?

औषधाआधी डागाचा आकार बघा. वेडेवाकडे, फिकट ठिपके, एखाद-दुसऱ्या पानावर आणि विशेषतः जिथे पाणी सांडलं होतं तिथेच, हे थंड पाण्याचे चट्टे. पानाच्या तापमानापेक्षा बरंच थंड पाणी पडलं की आतल्या पेशी मरतात. पाणी रात्रभर भरून खोलीच्या तापमानाला आणा, लांब चोचीच्या झारीने पानांखालून मातीवर घाला, किंवा कुंडी ताटलीतल्या 2-3 सेंमी पाण्यात 20-30 मिनिटं ठेवून उरलेलं ओतून द्या. खालून पाणी देत असाल तर महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून निथळू द्या, नाहीतर क्षार वरच्या थरात जमतात. कुंडीच्या काठावरची पांढरी खपली ही त्याची खूण, आणि त्या काठाला टेकलेला पानाचा देठ आधी करपतो.

डाग तपकिरी वलयांचे, एकात एक, किंवा शिरांच्या कडेने पसरत जाणाऱ्या काळपट पट्ट्यांचे असतील आणि मधली वाढ खुंटली असेल, तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी आहे. ग्लॉक्सिनियावर येणारा विषाणू फुलकिडे पसरवतात आणि त्यावर इलाज नाही. असं झाड कंदासकट पिशवीत बांधून टाका. त्याचं पान कलमासाठी घेऊ नका, कारण रोपातही विषाणू येतो. हे सांगताना वाईट वाटतं, पण एका झाडापायी खिडकीतली सगळी झाडं जातात.

प्रश्न: माती ओली आहे, तरी पानं लोंबतात. पाणी घातलं तर आणखी लोंबतात.

मुळं कुजली आहेत. कंद वाचला आहे का, हे आजच बघा. कुंडी उलटी करून गोळा बाहेर काढा, माती झटका. तपकिरी, हाताला चोथ्यासारखी लागणारी मुळं कापून टाका. कंदाचा मऊ भाग धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने आत पांढरा-फिकट, घट्ट गर दिसेपर्यंत छाटा. दर कापानंतर सुरी पुसा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड किंवा गंधकाची भुकटी लावा आणि सावलीत दोन दिवस सुकू द्या. मग निम्मं पर्लाइट असलेल्या नव्या, जेमतेम दमट मिश्रणात, लहान कुंडीत लावा. वरची पानं बहुतेक जातील, त्याला इलाज नाही. त्यातली निरोगी दोन-तीन पानं मात्र कलमासाठी लगेच काढून घ्या. कंद गेलाच तर झाड त्यांतून परत मिळेल.

पाणी देण्याची साधी खूण अशी: बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली की द्या. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर आणखी उत्तम. आठवड्यातले वार ठरवून पाणी देणं या झाडाला मानवत नाही. कळ्यांनी भरलेल्या झाडाला एक दिवसाआड लागेल, तर झोपायला निघालेल्याला तेवढंच पाणी मारून टाकेल.

प्रश्न: एका पानापासून नवं झाड होतं म्हणतात. आमचं प्रत्येक पान महिन्याभरात सुकून गेलं.

सुकलेली पानं टाकलीत का? टाकली नसतील तर मातीत हात घालून बघा. ग्लॉक्सिनियाचं पान आधी मुळं धरतं, मग देठाच्या टोकाला कंद तयार करतं, आणि कोंब सर्वांत शेवटी. कंद वाटाण्याएवढा झाला की कित्येकदा पान आपलं काम संपवून सुकतं. लोक इथेच कुंडी रिकामी करतात आणि मातीबरोबर तो बारीकसा कंद फेकतात.

पान मधल्या थरातलं घ्या. तळाचं जुनं नको आणि माथ्यावरचं कोवळंही नको. देठ 2.5-3 सेंमी ठेवून तिरका काप द्या. निम्मं कोकोपीट, निम्मं पर्लाइट, मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब निघेल एवढं दमट. देठ 1-1.5 सेंमी आत, थोडा कललेला. पानाचं पातं मातीला टेकू नये. वर पारदर्शक डबा किंवा पिशवी उपडी घाला, 22-25 अंश तापमान, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही. आतून थेंब गळू लागले तर रोज दहा मिनिटं झाकण उघडा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. पान हलकेच ओढून बघा, ते अडलं तर धरलं आहे. कंद दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, आणि कोंब त्याहून उशिरा. कधी तो बारका कंद आधी झोप काढतो आणि मगच उठतो. तेवढा काळ मिश्रण हलकं दमट राहू द्या.

पान मोठं असेल तर एकाच पानापासून अनेक कंद मिळतात. पान उलटं धरून मागच्या बाजूच्या ठसठशीत शिरा, जिथे त्या फुटतात त्याच्या किंचित खाली, चार-पाच ठिकाणी ब्लेडने आडव्या कापा. मग पान सुलटं करून दमट मिश्रणावर सपाट ठेवा आणि प्रत्येक काप मातीला नीट टेकेल असं वाकवलेल्या तारेने अडकवा. प्रत्येक कापापाशी एकेक कंद धरू शकतो. यात पान कुजण्याचा धोका जास्त, म्हणून दोन पानं देठावर आणि एक असं सपाट, अशी वाटणी बरी.

कंद चिरून दोन झाडं करण्याचा सल्लाही दिला जातो. आम्ही तो देणार नाही. ग्लॉक्सिनियाचा कंद बाजूला पिल्लं घालत नाही, एकच कंद वर्षानुवर्षं रुंद होत जातो. चिरलेल्या प्रत्येक तुकड्याला डोळा हवाच, आणि चिरलेला भाग कुजण्याचं भय कायम. एक पान मोडण्यात मात्र झाडाचं काहीच जात नाही.

प्रश्न: घरच्या घरी बी धरता येईल का?

येईल. फूल उमललं की परागकोश एकमेकांना टोकाशी चिकटून एक छोटा चौकोन किंवा तारा झालेला दिसतो. त्या वेळी त्याच फुलाची कुक्षी तयार नसते. चार-पाच दिवसांत पुंकेसर मागे वळून गुंडाळले जातात, कुक्षीचा दांडा लांबून पुढे येतो आणि टोक चमकदार, चिकट होतं. म्हणून नव्या फुलाचा पराग काडीवर घेऊन जुन्या फुलाच्या कुक्षीला लावा, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस हे करा. धरलं तर पाकळ्यांची नळी गळते आणि मधलं बोंड फुगू लागतं. दीड-दोन महिन्यांत ते तपकिरी होऊन फुटतं. फुटायच्या बेतात आलं की कागदाची पुडी बांधा, कारण बी तपकिरी धुळीसारखं असतं आणि श्वासानेही उडतं.

पेरताना बी झाकू नका, त्याला उजेड लागतो. दमट, बारीक चाळलेल्या मिश्रणावर कागदाच्या घडीतून टिचकी मारत पसरा, पाणी खालून द्या, झाकण घाला. 21-24 अंशांत दोन-तीन आठवड्यांत उगवतं. रोपांना पानांच्या दोन जोड्या आल्या की टूथपिकने उचलून वेगळी करा. पेरणीपासून सहा-सात महिन्यांत फूल येतं. संकरित झाडाच्या बियांतून आईसारखीच फुलं येतील अशी आशा धरू नका. तीच फुलं हवी असतील तर पानाचं कलमच करा.

प्रश्न: लेबलवर "सिनिंजिया स्पेसिओसा" लिहिलंय आणि फुलं खाली मान घातलेली आहेत. फसवणूक तर नाही ना?

नाही. 1817 मध्ये लंडनच्या लॉडिजेस यांच्या रोपवाटिकेने हे झाड ग्लॉक्सिनिया म्हणून प्रसिद्ध केलं आणि तेच नाव रूढ झालं. शास्त्रीयदृष्ट्या ते सिनिंजिया या प्रजातीत मोडतं. ही प्रजाती जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातले माळी विल्हेल्म सिनिंग यांच्या नावाची. आजही खरी ग्लॉक्सिनिया नावाची वेगळी प्रजाती आहे. तिला खवल्यांची आडवी मुळकांडी असते, गोल कंद नसतो. कंद मागवताना हा फरक लक्षात ठेवा.

खाली झुकलेली, एका बाजूने ओठ काढल्यासारखी फुलं हे या झाडाचं मूळ रूप. आपल्याला ओळखीची असलेली वर तोंड करून उघडणारी गोल घंटा नंतर आली. 1845 मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन फाइफ यांनी बियांपासून वाढवलेल्या रोपांत अशी सरळ, सर्व बाजूंनी सारखी फुलं आली, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या संकरित जाती त्याच वळणाच्या निघाल्या. आतले पुंकेसर मोजले तरी फरक कळतो: झुकलेल्या फुलात चार, सरळ घंटेत सहसा पाच किंवा जास्त. निगा दोघांची सारखीच. झुकलेल्या फुलांना उंचावर, डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर ठेवा म्हणजे नळीच्या आतले ठिपके दिसतात.

प्रश्न: खत किती आणि कुंडी केव्हा बदलायची?

20-20-20 सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, दहा-पंधरा दिवसांतून एकदा. पानांच्या तीन जोड्या आल्यावर सुरू करा, फुलं ओसरली की बंद; दुसऱ्या बहरासाठी दांडा कापला असेल तरच चालू ठेवा. कळ्या दिसू लागल्या की स्फुरद-पालाश जास्त असलेलं खत याच मात्रेत चालतं. कोरड्या मातीला खत देऊ नका, आधी साधं पाणी द्या. नत्र जास्त झालं तर पानं थाळीएवढी आणि फुलं दोनच, असं होतं.

कुंडी बदलायची वेळ एकच: झोपेतून उठताना डोळा फुगलेला दिसला की. जुनी माती पूर्ण काढा, वाळकी मुळं कापा, कंद पाण्याने न धुता मऊ ब्रशने साफ करा. कंद कुंडीच्या निम्म्याहून रुंद झाला असेल तरच पुढच्या मापाची कुंडी घ्या, नाहीतर त्याच कुंडीत नवं मिश्रण भरा. फुलांनी भरलेल्या झाडाची कुंडी कितीही लहान वाटली तरी बदलू नका. मुळं हलली की कळ्या पहिल्या जातात.